अस्वलांच्या वाटेतली माणसं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



नोकरी, पगार आणि मुलांचे मार्क हे तीन विषय सोडून प्रत्येकानं दुसऱ्या कशावर तरी बोलायचं, असं आपल्या ग्रुपवर ठरलं तेव्हा मला हायसं वाटलं. सॉफ्टवेअरवर वीस मिनिटं बोलले असते तर दहावी 'ब'चे शेवटचे दोन बाक तेव्हासारखेच झोपले असते. मग कुणीतरी लिहिलं, "तू तिकडे अस्वलांचं काहीतरी करतेस म्हणे, ते सांग." तर तेच सांगते. पण आधी एक खुलासा. मी अस्वलांचं काहीही करत नाही. मी कॅनडात कॅलगरीला राहते. शनिवारी-रविवारी घरी बसून, जंगलातल्या वाटांवर लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले फोटो बघते आणि कशात काय दिसतंय याची नोंद करते. बिनपगारी. त्या फोटोंत अस्वल क्वचित असतं. हरीण असतं, कधी लांडगा असतो. बहुतेक वेळा दिसतात ती माणसं. पळणारी, सायकलवरची, पोराला खांद्यावर घेतलेली, आणि त्यांच्या पुढे-मागे मोकळी सोडलेली कुत्री. म्हणून अस्वलांवर बोलायचं म्हटलं तरी मला बोलता येईल ते माणसांबद्दलच.

आपल्या भूगोलाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, तेव्हा नकाशापासून सुरुवात करते. कॅलगरी हे अल्बर्टा प्रांतातलं, माळावर पसरलेलं शहर. पश्चिमेला तासा-दीड तासाच्या अंतरावर रॉकी पर्वत आहे. त्यातून बो नावाची नदी खाली येते. तिच्या दरीत आधी कॅनमोर हे गाव लागतं आणि त्याच्या पुढे बॅन्फ राष्ट्रीय उद्यान. कॅनडातलं हे सगळ्यांत जुनं उद्यान, त्याची सुरुवात १८८५ सालची. क्षेत्रफळ ६,६४१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडं कमी. एवढ्या जागेत ग्रिझली अस्वलं साधारण ६५. आणि वर्षाला येणारे पर्यटक ४० लाखांच्या वर.

६५ अस्वलांना एवढी जागा म्हणजे चैन झाली, असं कुणालाही वाटेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण नकाशावर जे हिरवं रंगवलेलं असतं त्यातला फार मोठा भाग खडक, बर्फ आणि हिमनद्यांचा आहे. खायला मिळतं ते खाली, दरीच्या तळाशी आणि उतारांवर. तिथे बर्फ आधी वितळतं, गवत आधी उगवतं, झुडपांना फळं लागतात. आणि बरोबर त्याच दरीतून रेल्वे जाते, चारपदरी ट्रान्स-कॅनडा हायवे जातो, तिथेच बॅन्फ गाव आहे, हॉटेलं आहेत, गोल्फचं मैदान आहे. सोपी जागा सगळ्यांनाच हवी असते. अस्वलाला चालायला आवडते तीच वाट माणसालाही आवडते, कारण दोघांनाही चढ नको असतो.

ग्रिझली हे आपल्याकडच्या अस्वलाचं बरंच थोराड भावंड. खांद्यावर मांसल उंचवटा, पुढच्या पायांना लांब नख्या. या नख्या मुख्यतः जमीन उकरायला असतात. रॉकी पर्वतातलं ग्रिझली बहुतांशी शाकाहारीच म्हणायला हवं: गवत, कंदमुळं, मुंग्या, फळं, आणि जमलं तर हरणाचं पाडस. हिवाळ्यात ते गुहेत झोपतं, म्हणजे वर्षभराचं खाणं त्याला सहा-सात महिन्यांत उरकावं लागतं. जुलैच्या मध्यापासून बफेलोबेरी नावाची लाल, कडसर फळं पिकतात, तेव्हा एक अस्वल दिवसाला दोन लाखांपर्यंत फळं खातं. अक्षरशः दिवसभर तोंड चालू. मादीच्या बाबतीत तर निसर्गाचा हिशेब फारच कडक आहे. समागम उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतो, पण गर्भ तसाच थांबून राहतो. हिवाळ्याच्या तोंडावर अंगावर पुरेशी चरबी असेल तरच तो रुजतो, नाहीतर त्या वर्षी पिल्लं नाहीत. पहिली वीण व्हायलाच सहा-सात वर्षं लागतात, आणि दोन विणींमध्ये तीन-चार वर्षं जातात. आईनं उन्हाळ्यात किती शांतपणे खाल्लं यावर पुढची पिढी ठरते.

आता ही अस्वलं मरतात कशानं? बॅन्फ आणि त्याला लागून असलेलं योहो, या दोन उद्यानांतल्या १९७१ ते १९९८ या काळातल्या सगळ्या नोंदी दोन अभ्यासकांनी तपासल्या. त्यांपैकी स्टीफन हेरेरो हे कॅलगरी विद्यापीठातले प्राध्यापक, अस्वलांचे हल्ले का होतात यावरचं त्यांचं पुस्तक तिकडे पायपीट करणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. या काळात १३१ ग्रिझलींच्या मृत्यूची नोंद होती. त्यांतले ११९ मृत्यू माणसामुळे झालेले. आणि त्या ११९ मध्ये ७१ टक्के वेळा अस्वलाला 'त्रासदायक' ठरवून उद्यानाच्या लोकांनीच मारलं होतं किंवा हलवलं होतं. म्हणजे ज्यांनी सांभाळायचं त्यांच्याच हातून. पण मला खरी हादरवणारी गोष्ट पुढची वाटली. ज्या ९५ मृत्यूंची नेमकी जागा माहीत होती, ते सगळेच्या सगळे रस्त्यापासून ५०० मीटरच्या किंवा पायवाटेपासून २०० मीटरच्या आत झालेले होते. ९५ पैकी ९५.

आमच्या कामात एखाद्या बिघाडाच्या नोंदी इतक्या एकाच ठिकाणी आल्या तर आम्ही दुसरीकडे शोधतच नाही.

यातून पुढे जे गणित निघालं ते मला फार आवडतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. कंटाळा आला तर चहा मागच्या बाजूला ठेवलाय. एका मादीला एका दिवसात चरायला साधारण ९ चौरस किलोमीटरचा टापू लागतो, असं गळ्यात रेडिओपट्टा घातलेल्या माद्यांच्या हालचालींवरून दिसलं. मग नकाशा घ्यायचा. त्यातून खडक आणि बर्फ काढून टाकायचं. प्रत्येक रस्ता, आणि महिन्याला शंभराहून जास्त वेळा माणसं जातात अशी प्रत्येक पायवाट, यांच्या दोन्ही बाजूंनी ५०० मीटरचा पट्टा आखायचा आणि तोही काढून टाकायचा. जे तुकडे उरतील त्यांतले ९ चौरस किलोमीटरपेक्षा लहान असलेलेही सोडून द्यायचे. शेवटी जे उरतं ती अस्वलाची खरी जागा. तिथे मादी दिवसभर माणूस न भेटता खाऊ शकते.

समजा, चार किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद असा चांगल्या रानाचा चौकोन आहे. १६ चौरस किलोमीटर. आता त्याच्या मधोमध एक पायवाट काढा. मीटरभर रुंदीची, डांबर नाही, दिवे नाहीत, एखादा लाकडी पूल. दोन्ही बाजूंचे पाचपाचशे मीटर धरले तर किलोमीटरभर रुंदीचा पट्टा गेला, म्हणजे ४ चौरस किलोमीटर. उरले १२. पण ते दोन तुकड्यांत, प्रत्येकी सहा. नऊच्या खाली, म्हणून दोन्ही बाद. एका पायवाटेनं सोळाच्या सोळा चौरस किलोमीटर गेले. झाड एकही तोडलं नाही. उलट बाजूनंही तेच गणित चालतं: ती एक वाट बंद करा, आणि सोळा चौरस किलोमीटर परत येतात, तेही एका रुपयाची लागवड न करता.

म्हणून तिकडच्या वनखात्यांच्या आराखड्यांत अस्वलांच्या संख्येइतकाच रस्त्यांच्या लांबीचा हिशेब असतो. अल्बर्टानं ग्रिझलीच्या मुख्य क्षेत्रासाठी मर्यादा ठेवली ती एका चौरस किलोमीटरमागे ०.६ किलोमीटर उघडा रस्ता. हे रस्ते बहुतेक लाकूडतोड आणि तेल-वायूच्या कामासाठी काढलेले असतात. काम संपतं, रस्ता तसाच राहतो, आणि त्यावरून मग बंदूक घेऊन कुणीही कुठेही पोचतं. सीमेपलीकडे अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या फ्लॅटहेड जंगलात १९९५ पासून असेच आकडे बांधून दिले आणि त्यासाठी शेकडो मैलांचे जुने रस्ते बंद केले. रस्ता बंद करणं म्हणजे तिथे फाटक लावतात, मोऱ्या काढून घेतात, माती उकरून टाकतात, आणि पाच-सात वर्षांत झुडपं बाकीचं काम करतात. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर एकेकाळी ५०,००० च्या आसपास ग्रिझली होती. १९७५ साली कायद्याचं संरक्षण मिळालं तेव्हा सात-आठशे उरली होती. आज साधारण दोन हजार आहेत. शिकार थांबवणं, कचरा बंद करणं आणि रस्ते आवरणं, तिन्ही मिळून हे झालं.

कचऱ्याबद्दल दोनच वाक्यं. पूर्वी बॅन्फमध्ये संध्याकाळी उकिरड्यावर अस्वलं बघायला जाणं हा पाहुण्यांचा करमणुकीचा कार्यक्रम असे. १९८० साली गावाच्या कडेला एका ग्रिझलीनं एकामागून एक माणसांवर हल्ले केले, त्यात एकाचा जीव गेला, आणि त्यानंतर उघडा कचरा हा प्रकार तिथे हळूहळू संपला. आता कॅनमोरमध्ये कचरा टाकायचा तर लोखंडी पेटीच्या झाकणाखाली हात घालून आतली कळ दाबावी लागते. अस्वलाचा पंजा तिथे शिरत नाही. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिचाही हात शिरेना. तिनं सरळ जाहीर केलं की ही पेटी माणसांसाठी केलेली नाही.

माणसांना आवरायचे प्रकार पुष्कळ आहेत. हायवेला दोन्ही बाजूंनी उंच कुंपण घातलं आणि जनावरांना ओलांडायला ६ पूल वरून आणि ३८ बोगदे खालून बांधले. या पुलांवर झाडं लावलेली आहेत. गाड्यांची धडक बसून मरणाऱ्या जनावरांचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटलं. ग्रिझलींना पुलांवर विश्वास बसायला काही वर्षं लागली, मग आयांनी पिल्लांना शिकवलं. हा झाला पैशाचा उपाय. त्यावर भांडण नाही, कारण गाडीतल्या माणसाला काहीच सोडावं लागत नाही. भांडण होतं ते वेळ आणि वाट सोडायला सांगितली की. बॅन्फमधल्या जुन्या रस्त्याचा १७ किलोमीटरचा भाग १ मार्च ते २५ जून रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत बंद असतो. रात्री जनावरांनी वापरावा म्हणून. आधी ही विनंती होती, पाळलीत तर बरं अशी. फार कुणी पाळली नाही, मग २०१४ पासून सक्ती झाली. लेक लुईसजवळच्या मोरेन लेकच्या काही वाटांवर फळांच्या दिवसांत कमीत कमी चार जणांचा एकत्र घोळका असल्याशिवाय जाता येत नाही. चार माणसं बोलत चालली की अस्वलाला दुरून कळतं, ते बाजूला होतं, आणि मोठ्या घोळक्यावर अस्वल सहसा येत नाही. हा नियम मला सगळ्यांत शहाणा वाटतो. यात वाटही उघडी राहते आणि दचकवणंही टळतं.

पण सगळे नियम असूनही काय होतं ते सांगायचं तर १४८ बद्दल सांगायला हवं.

तिला नाव नव्हतं, नंबर होता. बॅन्फमधल्या ६४ नंबरच्या मादीची ती मुलगी. आईनं तिला जिथे वाढवलं तो पट्टा नेमका बॅन्फ आणि कॅनमोरच्या मधला, म्हणजे माणसांनी सगळ्यांत भरलेला. अस्वलांच्या माद्या सहसा आईच्या जवळपासच स्वतःचं घर करतात, तशी तिनंही केलं. लहानपणापासून माणसं बघत वाढल्यामुळे ती माणसाला पाहून पळत नसे. तिनं कधी कुणाला इजा केली नाही. पण २०१७ च्या वसंत आणि उन्हाळ्यात ती वारंवार लोकांच्या वाटेत आली. कुत्री घेऊन निघालेल्यांच्या मागे गेली, एकदा कॅनमोरमध्ये रग्बीचा सराव चालू असताना मैदानावर आली. तिच्यासाठी वाटा बंद केल्या होत्या, पाट्या लावल्या होत्या. माणसं पाट्या ओलांडून आत जातच होती. जुलैमध्ये एका कुत्रा घेतलेल्या माणसाच्या अंगावर ती धावून आली आणि प्रांताच्या अधिकाऱ्यांनी तिला पकडून शेकडो किलोमीटर उत्तरेला सोडलं. साडेसहा वर्षांची, नुकती पिल्लं होण्याच्या वयाला आलेली मादी, अनोळखी रानात. चालत चालत ती शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शिरली. सप्टेंबरच्या शेवटी तिथे एका शिकाऱ्यानं तिला मारलं. कायदेशीर. तिथल्या सरकारनं ग्रिझलीच्या शिकारीवर बंदी आणायचं आधीच जाहीर केलेलं होतं, पण त्या हंगामाची मुदत संपायला अजून दोन महिने होते. डिसेंबरमध्ये बंदी पूर्ण झाली.

माझं मत असं आहे की १४८ ला अस्वल म्हणून जे करायचं असतं ते सगळं ती नीट करत होती. तिच्या वाट्याला आलेल्या जागेतून जायला आम्ही तिला पट्टाच ठेवला नव्हता. आणि वनाधिकाऱ्यांनाही मी एकतर्फी दोष देणार नाही. उद्या तिनं एखाद्या मुलाला मारलं असतं तर याच लोकांनी त्यांना फाडून खाल्लं असतं. ग्रिझली हे टेडी बेअर नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बॅन्फच्या आतल्या दुर्गम भागात एक अनुभवी जोडपं आणि त्यांचा कुत्रा ग्रिझलीच्या हल्ल्यात गेले. २०२४ मध्ये अल्बर्टा सरकारनं नियम बदलला. आता त्रासदायक ठरलेलं अस्वल मारायला निवडक परवानाधारक शिकाऱ्यांना बोलावता येतं. त्यावर तिकडे अजून कडाकडा भांडणं चालू आहेत, आणि दोन्ही बाजूंना भली माणसं आहेत.

वाटा बंद करण्याला विरोध करणारे सगळे मूर्ख किंवा स्वार्थी असतात असंही नाही. माझा एक सहकारी कॅनमोरचा, जन्मापासून तिथला. तो म्हणतो, "माझे आजोबा ज्या वाटेनं कामाला जायचे तिथे मी सायकल घेऊन गेलो तर दंड, आणि समोरच्या उतारावर हजारो लोकांची नवी वसाहत होणार, तिला परवानगी!" त्याचं खोटं नाही. कॅनमोरच्या नगरपालिकेनं २०२१ साली ती वसाहत नाकारली होती, पुढच्या वर्षी लवादानं आणि २०२३ मध्ये न्यायालयानं विकासकाच्या बाजूनं निकाल दिला. एकट्यादुकट्या माणसाला आवरणं सोपं असतं, म्हणून नियमांची सुरुवात तिथून होते. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे हे उद्यान झालं तेव्हा तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या स्टोनी नाकोडा लोकांना त्यांच्याच रानातून बाहेर ठेवलं गेलं. तेव्हा कारण अस्वलांचं नव्हतं. पर्यटकांचं होतं. म्हणून "माणसांनी इथे यायचं नाही" हे वाक्य ऐकलं की कुठल्या माणसांनी, असं विचारायची सवय मी लावून घेतली आहे.

आता मला माहीत आहे, तुमच्यातल्या निम्म्यांच्या मनात काय चाललंय. ही कॅनडातली अस्वलं सांगतेय, आणि इकडे आमच्या उसात वाघ आहे. आपण ज्याला सरसकट वाघ म्हणतो तो बिबट्या. काल रात्री मी ज्या घरी उतरले तिथे साडेसातनंतर अंगणात कुणी गेलं नाही. लहान मुलांना तर दारातही उभं राहू दिलं नाही. आपण शाळेत असताना मी एनसीसीच्या परेडला पहाटे पाचला एकटी सायकलवरून यायची. या तालुक्यात ज्यांच्या घरात हे दुःख आलेलं आहे, त्यांच्यासमोर उभं राहून परदेशातून आलेल्या बाईनं सहजीवनाचे धडे द्यावेत, एवढी मी निर्लज्ज नाही. आणि दोन्हींची बरोबरी होतही नाही. तिकडे माणूस अस्वलाच्या घरात सुट्टी घालवायला जातो. त्याला आवरलं तर त्याची एक रविवारची चक्कर बुडते. इकडे माणूस स्वतःच्या शेतात आहे, बिबट्याची पिढी उसातच जन्मलेली आहे, आणि माणसाला आवरायचं म्हटलं तर त्याचं पोट आडवं येतं.

तरी दोन गोष्टी मला दोन्हीकडे सारख्या दिसल्या, तेवढ्या सांगते. पहिली, उचलून दुसरीकडे सोडण्याची. आपल्याच जुन्नर भागात २००१ नंतर पकडलेले बिबटे लांबच्या जंगलात नेऊन सोडले, त्याचा डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. जिथे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढलेले दिसले. हा अभ्यास मी तिकडे बसून वाचला आणि मला १४८ आठवली. अनोळखी जागी सोडलेलं जनावर घरची वाट शोधत फिरतं, आणि त्या वाटेवर माणसं असतातच.

दुसरी गोष्ट वेळेची. आपले शेतकरी इतकी वर्षं ओरडून सांगतायत की शेतीला वीज दिवसा द्या. रात्री लाइट येते म्हणून माणूस रात्री मोटर चालू करायला आणि दारं धरायला उसात जातो. बो दरीत जनावरासाठी रस्त्याचे रात्रीचे बारा तास राखून ठेवले, तसेच इथे माणसाला उसाच्या बाहेर ठेवायचे तास विजेच्या वेळापत्रकात आहेत. शेतकऱ्याला कुणी उपदेश करायची गरज नाही. दिवसा वीज असेल तर रात्री उसात जायची हौस कुणाला आहे? माझ्या दृष्टीनं ही मागणी जितकी शेतीखात्याची आणि वीजमंडळाची आहे तितकीच वनखात्याची असायला हवी. पिंजरे लावणं दिसतं, फोटो येतो. फीडरचं वेळापत्रक बदललं तर फोटो येत नाही. आपल्यातले दोघं महावितरणमध्ये आहेत, एक जण सरपंच आहे, आणि आपल्या बॅचचा एक वकील तर मघापासून माझ्याकडे बघून मान हलवतोय. जेवणानंतर एका कोपऱ्यात बसू या. आपल्या भागातल्या कुठल्या फीडरवर आठवड्यातून किती रात्री लाइट येते आणि त्या रात्री कुठल्या शेतांत माणसं जातात, एवढं एका तक्त्यात भरायला मला मदत हवी आहे. तक्ता मी करते, तेवढं मला येतं. भरायचं मात्र तुम्हाला, कारण रात्रीच्या पाण्याची पाळी कुणाची असते हे मला कॅलगरीत बसून कळणार नाही. बिबट्या दिसल्याच्या नोंदी वनखात्याकडे असतात, माणूस कुठे असतो याच्या नोंदी कुणाकडे नसतात. तिकडच्या कॅमेऱ्यांनी मला एवढं तरी शिकवलं की दुसऱ्या नोंदींशिवाय पहिल्या फारशा कामाच्या नाहीत.

आणि ज्यांना उन्हाळ्यात तिकडे यायचंय त्यांनी खुशाल या, घर मोठं आहे. येताना थालीपिठाची भाजणी आणा, पण ट्रेकला जाताना उरलेली थालीपिठं गाडीत दिसतील अशी ठेवायची नाहीत, ही पहिली अट. रस्त्याच्या कडेला अस्वल दिसलं तर गाडी थांबवून खाली उतरायचं नाही, ही दुसरी. तिथे सेल्फीला पंचवीस हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो मी भरणार नाही. ऑगस्टमध्ये येणार असाल तर महिनाभर आधी कळवा. मोरेन लेकच्या वर लार्च व्हॅलीची वाट फार सुंदर आहे, पण मी आणि माझा नवरा मिळून दोनच होतो. मुलगी हल्ली आमच्याबरोबर यायला तयार नसते. वाटेच्या तोंडाशी उभं राहून अनोळखी लोकांना "आमच्याबरोबर येता का?" विचारत बसावं लागतं. तुमच्यातले दोघं आले तरी चौघं होतील.